‘एलिट फोर्स’: व्हॉयेजरचा खरा गेम की क्वेकला चढवलेला गणवेश?

वडाळा_डेक५
दादरला रविवारी मशीनं एकमेकांना जोडून खेळणाऱ्या आपल्या लॅन गटासाठी दोन गेमची नावं पुढे आली आहेत: ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर – एलिट फोर्स’ (२०००) आणि ‘एलिट फोर्स २’ (२००३). माझं मत ठामपणे पहिल्याला.

ज्यांनी ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी: व्हॉयेजर हे अंतराळजहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर, आकाशगंगेच्या डेल्टा क्वाड्रंट या भागात फेकलं जातं आणि १९९५ ते २००१ असे सात सीझन परत येत राहतं. रेव्हन सॉफ्टवेअरने क्वेक ३ या गोळीबाराच्या गेमचं इंजिन घेऊन त्यावर हा गेम बांधला. मोडक्या जहाजांच्या स्मशानात व्हॉयेजर अडकतं आणि जहाजाचा सुरक्षाप्रमुख टुवॉक याने उभारलेल्या हॅझर्ड टीम या खास पथकातला एन्साइन (कनिष्ठ अधिकारी) मनरो म्हणून आपण बाहेर पडतो.

मुद्दा बोर्गचा, म्हणजे एकाच सामूहिक मनाने चालणाऱ्या अर्ध्या यांत्रिक शत्रूंचा, आहे. इतर शूटरमध्ये शत्रू दणकट करायचा म्हणजे त्याला जास्त गोळ्या लागतात, एवढंच. इथे फेझरने, म्हणजे किरणांच्या बंदुकीने, पहिले काही ड्रोन (बोर्गचे सैनिक) पडतात आणि मग पुढच्यांच्या अंगावर ढाल उभी राहते. तेच हत्यार, तोच नेम, पण इजा शून्य. एकाला बसलेला मार सगळ्यांना कळतो, हा मालिकेतला नियम इथे प्रत्यक्ष हातात येतो. मालिकेवरून केलेल्या किती गेममध्ये मालिकेचा नियमच खेळाचा नियम होतो?

परळ_फेझर
असहमत. हा नियम गेमने मांडला आणि लगेच मोडलाही. बोर्ग जहाजावर जाताना तुमच्या हातात आय-मॉड, म्हणजे इन्फिनिटी मॉड्युलेटर, असतो. तो दर वेळी मॉड्युलेशन बदलत राहतो, म्हणून बोर्गला जुळवून घेता येत नाही. मग भीती कसली? मालिकेत हातातल्या फेझरची फ्रिक्वेन्सी फिरवावी लागते, दोन-तीन वार लागतात, मग पुन्हा फिरवायची. त्या धावपळीतच सगळा थरार आहे. गेमने ते काम बंदुकीला दिलं आणि खेळाडूला फक्त घोडा दाबायला ठेवलं. बोर्गचं नाव काढून दुसरं काही लिहा, खेळात तसूभरही फरक पडणार नाही.

वडाळा_डेक५
फरक पडतो, कारण आय-मॉड फुकट चालत नाही. त्याला साठा लागतो आणि साठा संपला की उरतो तो फेझर. फेझर आपोआप भरतो, पण बोर्गसमोर लगेच निकामी होतो. त्यामुळे आधीच्या टप्प्यांत स्कॅव्हेंजरांवर (त्या स्मशानात भंगारावर जगणारी टोळी) साधा फेझर किंवा त्यांचीच रायफल वापरून साठा राखायचा, भिंतीवरचं भरणकेंद्र दिसलं तरी गरज नसताना रिकामं करायचं नाही, हे शिकावं लागतं. सोप्या पातळीवर हे जाणवत नाही, वरच्या पातळीवर खेळून बघा.

फ्रिक्वेन्सी हाताने फिरवायला दिली असती तर खेळ अजून चांगला झाला असता, हे मात्र मान्य.

मुलुंड_अवे_टीम
तुम्ही दोघंही बोर्गवर अडकलात. या गेमचा सगळ्यात श्रीमंत भाग स्कॅव्हेंजरांचा तळ आहे. तो एकसंध स्थानक नाही. अडकलेल्या जहाजांचे तुकडे जोडून केलेला आहे: एक भाग क्लिंगॉन, एक हिरोजन, एक मेलॉन (हे सगळे मालिकेतले परग्रहवासी) आणि एक चक्क मिरर युनिव्हर्समधलं, म्हणजे मालिकेतल्या समांतर विश्वातलं, जुन्या कॉन्स्टिट्यूशन वर्गाचं जहाज. रे रोडला दारुखान्यात जहाजं फोडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा तळ लगेच कळेल: कुठला पत्रा कोणत्या जहाजाचा हे रंगावरून आणि जोडावरून ओळखता येतं. गेमही तेच करतो. दार ओलांडलं की दिवे, भिंती, पॅनेलं सगळं बदलतं आणि आपण कुणाच्या जहाजात शिरलो हे कुणी सांगावं लागत नाही. साठच्या दशकातल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे ते भडक रंगांचे कॉरिडॉर २००० साली या तपशिलाने उभे करणं हे मालिका मनापासून पाहिलेल्याचंच काम.

आणखी एक. सोबतच्या माणसाला मारलंत की मोहीम तिथेच बंद. व्हॉयेजर ज्या दलाचं जहाज आहे त्या स्टारफ्लीटचा गणवेश अंगावर आहे याची ही आठवण मला तरी योग्य वाटते.

परळ_फेझर
देखावा सुंदर, वाद नाही. पण तुम्ही भिंतींचं कौतुक करताय, मी कृतीचं विचारतोय. स्टार ट्रेकमध्ये माणसं आधी ट्रायकॉर्डर (हातातलं तपासयंत्र) काढतात, नंतर फेझर. तो क्रम दुसऱ्या भागाने पाळला. रिच्युअल एंटरटेनमेंटने त्यात ट्रायकॉर्डर खऱ्या कामाला लावला: स्कॅन करून साध्या नजरेला न दिसणाऱ्या गोष्टी शोधायच्या, लहरींचं मोजमाप जुळवून दार उघडायचं. सुरुवातच व्हॉयेजरच्या परतीच्या प्रवासात बोर्ग स्फिअरच्या पोटात होते, म्हणजे मालिकेच्या शेवटाशी थेट जोड. पुढे एन्टरप्राइझ-ई हे जहाज आणि त्याचा कप्तान पिकार्ड, आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा. पहिल्या भागात सेव्हन ऑफ नाइन या पात्राला मालिकेत ते साकारणाऱ्या जेरी रायनचा आवाज सुरुवातीला नव्हताच, तो नंतर आला. मग ‘मालिकेशी इमान’ कुणाचं जास्त?

वडाळा_डेक५
ट्रायकॉर्डर पहिल्या तीन दारांपाशी छान वाटतो. नंतर तेच कोडं पुन्हा पुन्हा येतं आणि लढाईची लय तुटते. शिवाय दुसऱ्या भागातले एक्सोमॉर्फ म्हणजे नुसते चाल करून येणारे प्राणी. त्यांच्याशी बोलता येत नाही, त्यांच्यापासून काही शिकताही येत नाही.

सायन_सर्व्हर
निर्णय काहीही घ्या, पण मशीनं आधी तयार ठेवा, नाहीतर रविवार त्यातच जाईल.

पहिल्या भागाची जुनी सीडी नव्या ग्राफिक्स कार्डावर सुरू होतानाच कोसळू शकते. कारण ठरावीक आहे: ड्रायव्हर आपल्या ओपनजीएल (चित्र काढायची प्रणाली) एक्स्टेन्शनांची यादी देतो, ती हल्ली फार लांब झाली आहे आणि इंजिनने तिच्यासाठी राखलेली जागा मर्यादित आहे. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्टेन्शन लिमिट’ असेल तर ते चालू करा. त्याहून सोपं म्हणजे जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानातली प्रत घ्या, दोन्ही भाग २०२१ पासून तिथे मिळतात.

रुंद पडद्यासाठी ‘बेसईएफ’ फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘आर_मोड’ -१ करा, मग ‘आर_कस्टमविड्थ’ १९२० आणि ‘आर_कस्टमहाइट’ १०८०. एवढ्यावर थांबलात तर चित्र वरून-खालून कापल्यासारखं दिसेल, कारण हे इंजिन दृष्टिकोन (फील्ड ऑफ व्ह्यू) आडवा मोजतं आणि उभा त्यावरून काढतं. ४:३ वरचे ८० अंश १६:९ वर सुमारे ९६ होतात, ९० असतील तर १०६. ‘सीजी_एफओव्ही’ त्याप्रमाणे वाढवा.

होलोमॅचसाठी, म्हणजे एकमेकांविरुद्धच्या खेळासाठी, ‘कॉम_मॅक्सएफपीएस’ सगळ्यांच्या मशीनवर एकच ठेवा, १२५ चालेल. क्वेक ३ घराण्यात एका फ्रेमचा वेळ पूर्ण मिलिसेकंदात धरला जातो आणि त्या गोळाबेरजेमुळे उडीची उंची बदलते. एकाचं १२५ आणि दुसऱ्याचं ६० असेल तर वरच्या कट्ट्यावर एकटाच पोहोचतो आणि भांडण पेटतं. फायरवॉलमध्ये यूडीपी २७९६० हा पोर्ट मोकळा करा. आयओईएफ हे समुदायाने सुधारलेलं इंजिन वापरलं तर कोसळण्याचा प्रश्नच मिटतो, पण ते होलोमॅचपुरतं आहे आणि मूळ गेमच्या पीके३ फाइली लागतातच.

परळ_फेझर
लॅनवर आठ जण बसणार असतील तर होलोमॅचसाठी पहिला भाग चालेल, तिथे कथेचा प्रश्नच नाही. एकट्याने खेळायला मात्र मी दुसराच सुचवेन. बोर्ग जहाजाच्या आतला टप्पा मोठ्या पडद्यावर लावणार असाल, तर आय-मॉड न वापरता कम्प्रेशन रायफलवर (फेझरचीच मोठी बंदूक) किती ड्रोन पडतात ते आधी मोजू. तीनच्या पुढे आकडा गेला तर माझी हरकत कायम.

वडाळा_डेक५
मोजू. पातळी सगळ्यात वरची ठेवायची, आणि साठा टप्प्याच्या सुरुवातीला मिळतो तेवढाच.