मदत हवी आहे: क्रेऑनचं डोकं नक्की कसं चालतं?

राजेहो, धरमपेठेत एका गच्चीवर आमची सॉफोक्लीसच्या 'अँटिगनी' या ग्रीक शोकांतिकेची तालीम सुरू आहे. मी क्रेऑन, म्हणजे थीब्जचा राजा करतो आणि अडलोय. एका भाच्याचं प्रेत पुरायचं नाही असा त्याचा हुकूम; भाची अँटिगनी तो मोडते, तर तिला गुहेत कोंडतो.

दोन इंग्रजी अनुवाद वाचून झाले. सुरुवातीला त्याला सरळ सत्तेच्या गुर्मीत केला, पण तिसऱ्याच तालमीला तो एकसुरी वाटायला लागला. संहितेत तर हा माणूस घाबरलेला दिसतो. यादवी नुकतीच संपलीय, दोन्ही भाचे एकमेकांच्या हातून मेलेत, गादी आयती मिळालीय. पहारेकरी प्रेतावर कुणीतरी माती टाकल्याची बातमी आणतो तर म्हणे लाच खाल्ली. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस समजवायला येतो तर तोही पैशाला विकलेला! गावात आधीपासून आपल्याविरुद्ध कुजबुज आहे, हेही तोच बोलून जातो. अशा माणसाला दरारा म्हणावा की धास्ती?

माझी खरी गाठ शेवटाकडे आहे. वृंद (कोरस) स्पष्ट सांगतो, आधी पोरीला सोडव, मग प्रेताचं बघ. हा कबूल होतो, आणि जातो आधी प्रेताकडेच. तिथे अंत्यसंस्कार उरकून गुहेशी पोचतो तोवर तिने गळफास घेतलेला. देवाच्या कोपाची भीती, की चूक मान्य केली तरी पोरीसमोर उभं राहणं टाळणं?

दिग्दर्शक म्हणतात 'हट्टी आहे, बस'. संवाद बदलायचे नाहीत, प्रयोग चाळीस मिनिटांचा, त्यामुळे जे काय ते आवाजात आणि देहबोलीतच यायला हवं. ग्रीक येत नाही. ज्यांनी ही भूमिका केलीय किंवा शिकवलीय त्यांनी सांगा: तो हेतू 'आधी पोरीला सोडव' ऐकतानाच दाखवायचा, की निघताना?