उचल घेतलेले जोडपे वेठबिगार ठरते का? संशोधनाच्या प्रश्नावलीबाबत मार्गदर्शन हवे

गोदाकाठ:
बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर मी पीएच.डी.साठी काम करत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, वॉक फ्री आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ४ कोटी ९६ लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात. सक्तीचा श्रम ओळखताना काम मनाविरुद्ध आहे का आणि ते नाकारल्यास शिक्षेची धास्ती आहे का, हे पाहिले जाते. माझी अडचण इथेच आहे. मुकादमाकडून (कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे हंगामाआधीची अगाऊ रक्कम, घेऊन जोडपे कारखान्यावर जाते ते स्वतःच्या पायाने. जबरदस्ती झाली का, असे विचारले की "नाही" असेच उत्तर येते. मात्र त्याच बोलण्यात पुढे ऐकू येते की उचल फिटली नाही, तेव्हा पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जावे लागेल. अशा उत्तराची नोंद कशी करावी?

कलम२३:
आपण जबरदस्तीचा प्रश्न सरळ विचारता, म्हणून सरळ नकार मिळतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची व्याख्या पाहा. अगाऊ रकमेच्या बदल्यात मजूर विनामोबदला किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल, ठरावीक किंवा अनिश्चित मुदतीसाठी दुसरीकडे काम करण्याचे, मोकळेपणाने फिरण्याचे किंवा आपली मालमत्ता वा श्रमातून तयार झालेला माल बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर यांपैकी एक गोष्टही पुरते. उचल स्वखुशीने घेतली होती, एवढ्याने मालकाची किंवा मुकादमाची सुटका होत नाही. शिवाय १९८५ च्या दुरुस्तीने कंत्राटी व आंतरराज्य स्थलांतरित मजूरही या व्याख्येत आले, त्यामुळे कर्नाटकात तोडीला जाणाऱ्या टोळ्यांनाही ती लागू होऊ शकते.

दिल्लीतील एशियाड क्रीडास्पर्धेसाठीच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले की गरिबीमुळे किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम पत्करावे लागणे हाही वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या घटनेच्या २३ व्या कलमाखालील सक्तीचा श्रमच. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात तर, सक्तीचा श्रम दिसला की त्यामागे अगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने दाखवावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. माझ्या मते आपल्या प्रबंधाचा पाया या दोन निकालांवरच उभा राहायला हवा. जागतिक आकडे प्रस्तावनेत एका परिच्छेदापुरते पुरेत.

पट्टापडला:
क्षेत्रकार्याबद्दल लिहितो. फडात (उसाच्या शेतात) किंवा कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) मुलाखत घेऊ नका, कारण मुकादम किंवा त्याचा माणूस आसपास असतोच. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, माणसे गावी परतली की त्यांच्या ओट्यावर बसा आणि मतांऐवजी हिशेब विचारा. उचल किती घेतली, किती टन ऊस तुटला, टनाला काय दर लावला, आजारपणात किती खाडे (कामावर न गेलेले दिवस) पडले, प्रत्येक खाड्याचे किती कापले, शेवटी किती बाकी निघाली आणि ही वही कोणाच्या हातात असते? आजारी पडलेल्या बाईचा खाडा संपूर्ण कोयत्याच्या, म्हणजे जोडप्याच्या, खात्यावर चढतो का, हे आवर्जून विचारा. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी मात्र बायको असते. त्यामुळे तिची मुलाखत स्वतंत्र आणि शक्य तर स्त्री संशोधकाने घ्यावी. ही पद्धत नव्याने शोधावी लागत नाही: डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खानदेशातून दक्षिण गुजरातेतील बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचा अभ्यास १९७० च्या दशकातच केला होता आणि हंगामापुरत्या बांधिलकीचे स्वरूप तपशिलाने मांडले होते. तो आधी वाचावा.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. जबरदस्तीचा थेट प्रश्न काढून हिशेबाचे प्रश्न घालतो. एक शंका उरते: एखाद्या कुटुंबाचा हिशेब स्पष्टपणे वेठबिगारीचा निघाला, तर ते तहसीलदारांना कळवणे माझे कर्तव्य आहे का?

कलम२३:
त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय कळवू नका. मुक्तता प्रमाणपत्र (मजूर वेठबिगारीतून मुक्त झाल्याचा सरकारी दाखला) मिळाले तर बाकी उचल कायद्याने रद्द होते आणि पुनर्वसनाच्या मदतीवर हक्क सांगता येतो, हे त्यांना आधी समजावून सांगा. पण मुकादम अनेकदा त्याच गावचा किंवा नात्यातला असतो आणि तक्रारीनंतर त्याच गावात राहायचे असते त्या कुटुंबाला. त्यांची तयारी असेल तर ऊसतोड मजुरांच्या संघटनेचा माणूस सोबत घेऊन अर्ज द्यावा. प्रबंधात गाव, कारखाना आणि टोळी यांची नावे मात्र कोणत्याही परिस्थितीत येऊ देऊ नका.