'एलियनच तर मारायचेत' म्हणणाऱ्या महाशयांस

तिरपागडी
'हेलो' म्हणजे बंदूक घेऊन एलियनांशी लढायचा व्हिडिओ गेम (शूटर), आणि रीमास्टर म्हणजे त्याचीच नव्या चित्रांची आवृत्ती. काल इथे एका महाशयांनी फर्मावलं: "'हेलो'चं रीमास्टर दहा वर्षांच्या पोराला बिनधास्त द्या. एलियनच तर मारायचेत, रक्तसुद्धा निळं-जांभळं." खाली तिघांचं +१. तिथेच उत्तर टंकायला बसले, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

महाशय, पाचव्या लेव्हलच्या पुढे गेला होतात का कधी? एकूण दहा आहेत. पहिल्या पाचांपुरतं तुमचं म्हणणं सोळा आणे मान्य. ग्रंट म्हणजे बुटके, विनोदी एलियन. म्होरक्या पडला की बोंबलत पळत सुटतात. सहावीत मात्र खेळ कूस बदलतो. दलदल, सामसूम, मेलेल्या सैनिकाच्या हेल्मेटमधलं चित्रीकरण, आणि मग फ्लड. म्हणजे माणसांची प्रेतं उठून अंगावर येतात. नवव्या लेव्हलमध्ये तर आपल्याच बाजूचा कॅप्टन त्या मांसाच्या गोळ्यात विरघळलेला असतो आणि आपला नायक त्याच्या डोक्यात हात घालून चिप उपटतो. हेही निळं-जांभळं का?

माझा लेक नऊ वर्षांचा असताना मामाने त्याला हे खेळायला दिलं. फ्लडला तो घाबरला नाही. सहावीत भीतीने वेडा झालेला एक सैनिक एकटाच सापडतो आणि आपल्यावरच पिस्तूल झाडतो, त्याचं त्याला लागलं. रात्री विचारतो, "आई, तो आपलाच होता ना? मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुनं_हाड
आम्ही २००१ साली हाच खेळ खेळलो, तोही चोरून. आज सगळे नोकऱ्या करतोय, कुणाचा मुडदा पाडलेला नाही. आणि ते अमेरिकेतलं 'एम' रेटिंग, म्हणजे १७ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी, जुन्या काळचं आहे. याच मालिकेतल्या 'हेलो ५'ला आणि 'इन्फिनिट'ला 'टी' मिळालं, म्हणजे १३ पासून चालतं. मूल ओळखा, शिक्का नको.

तिरपागडी
'५' आणि 'इन्फिनिट'च्या मोहिमेत फ्लड आहे का हो? नाही. मग तुमचा दाखला माझ्याच बाजूने झाला. आभारी आहे.

धुकेबाज
अवांतर: रीमास्टरमध्ये सहावी लेव्हल भीतिदायक राहिलीच कुठे? जुन्यात दलदलीत चार पावलांपुढचं दिसायचं नाही. २०११ च्या आवृत्तीत सगळीकडे लखलखाट, झाडं कशी छान हिरवीगार. वातावरणाचा खून केलाय. एक बटण दाबून जुनं-नवं आलटून-पालटून बघा, पटेल.

जुनं_हाड
वा! म्हणजे नवीन आवृत्ती मुलांना जास्त योग्य. धन्यवाद, मुद्दा संपला.

धुकेबाज
मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं की खून केलाय.

मधमाशी
उलट नव्यात जास्त किळस येते. जुन्यात फ्लड म्हणजे तपकिरी ठोकळे होते, आता प्रत्येक गाठ आणि लोंबणारी कातडी स्वच्छ दिसते. अंधार कमी, तपशील जास्त. दहा वर्षांच्या मुलाला काय जास्त छळतं, न दिसणारं की नको इतकं दिसणारं?

धुकेबाज
न दिसणारं. नेहमीच. ज्यांना हे कळत नाही त्यांनी भयपट बघून बोलावं.

मधमाशी
मी बालवाडीत १४ वर्षं शिकवतेय. अंधाराला घाबरणारी आणि चित्राला घाबरणारी, अशी दोन्ही प्रकारची मुलं रोज बघते. तुम्ही किती बघितलीत?

धुकेबाज
बालवाडीतली मुलं शूटर खेळतात का तुमच्याकडे?

हिशेबी
मुळात रीमास्टर हीच फसवणूक. आतला खेळ तोच, शत्रू तेच, सातव्या लेव्हलचा कंटाळाही तोच. वरून रंग मारला की पुन्हा पैसे घ्यायचे. आधी यावर बोला.

तिरपागडी
हिशेबी, दर धाग्यावर हेच! पण एक बरोबर बोललात, तुम्हाला कळलं नसलं तरी. आतला खेळ तोच आहे. म्हणूनच 'नवं आहे, गोंडस आहे' हे कारण टिकत नाही.

कानटोपी
सहावी-नववीचं काय घेऊन बसलात? खरा घोळ ऑनलाइन सामन्यात. माझ्या पुतण्याने हेडसेट लावला आणि पाच मिनिटांत अशी शिवी शिकला की आजी अजून अर्थ विचारतेय. ती रेटिंग देणारी संस्था स्वतःच लिहिते की ऑनलाइन संवादाला रेटिंग लागू नाही. आधी व्हॉइस चॅट बंद करा, मग फ्लडवर भांडा.

जुनं_हाड
हे मात्र मान्य. नाइलाजाने.

आता माझी गोष्ट. लेक दहाची, दोघं स्प्लिट-स्क्रीनवर, म्हणजे एकच पडदा दुभागून, खेळतो. पहिल्याच लेव्हलमध्ये कॅप्टन पिस्तूल देतो, रिकामं. हिने त्याच्याच डोक्यात ते हाणलं. दारं बंद झाली आणि न मरणारे सैनिक येऊन आम्हाला भाजून गेले. "आपल्या माणसाला मारलं तर खेळच संपतो," हे तिला कळलं ते तिथे. पुढे झोपलेले ग्रंट दिसले, तर बंदूक खाली करून म्हणते, "बाबा, झोपलाय तो, हळू चाल." तुम्ही म्हणता तशी हिंसा यात कुठे आहे, दाखवा.

तिरपागडी
झोपलेल्या ग्रंटचं आवडलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही शेजारी बसला होतात. ते महाशय म्हणाले 'बिनधास्त द्या'. द्या! म्हणजे हातात देऊन आपण मोबाइल बघत बसा. माझ्या भावाने तेच केलं होतं.

बरं, तुम्ही सहावीत गेलात का?

जुनं_हाड
गेलो.

तिरपागडी
आणि?

जुनं_हाड
हेल्मेटचं चित्रीकरण संपेस्तोवर ती माझ्या पाठीमागे गेली होती. कंट्रोलर मात्र सोडला नाही. मग ते बटण तिनेच शोधलं. जरा भीती वाटली की नवं चित्र, धीर आला की जुनं. अर्ध्या तासाने मीच बंद केलं. पुढचं तेरा-चौदाची झाल्यावर. खूश?

तिरपागडी
नाही. पण चालेल.

धुकेबाज
थांबा, भीती वाटली की *नवं* चित्र लावायची? म्हणजे नव्यात भीती घालवली, हे सिद्ध झालं की नाही?

मधमाशी
एका मुलीवरून?

जुनं_हाड
झालं, झालं. झोपा आता.