मिसेस मेझल सीझन ४ : मिज पुढे का सरकत नाही?

'द मार्व्हलस मिसेस मेझल' या मालिकेचा चौथा सीझन काल संपवला, आठच एपिसोड पण स्टँड-अप कॉमेडी करणारी नायिका मिज आहे तिथेच, तिला एका गायकाच्या टूरमधून काढलं ते ठीक पण आता ओपनिंग ॲक्ट (मुख्य कलाकाराच्या आधीचा छोटा कार्यक्रम) करणारच नाही हा हट्ट मला पटलाच नाही, घर कसं चालणार? कुणाला आवडला का?

– मला आवडला. आकाशपाळण्याचा सीन बघा ना, अख्खं घर वेगवेगळ्या पाळण्यांत बसून एकमेकांवर ओरडतंय, काय लिहिलंय!

– हट्ट चुकीचा आहे हेच तर कॉमेडियन लेनी ब्रूस तिला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात तोंडावर सुनावतो, मग ती बर्फात एकटी चालत जाते तिथे माझा गळा दाटून आला. पण हे आधीच यायला हवं होतं, शेवटच्या एपिसोडपर्यंत ताणलं.

– कपडे, सेट एक नंबर. पण मिज जिथे शो करते त्या स्ट्रिप क्लबचं फार झालं.