फेब्रुवारीत मोजलेल्या गावाला खरे गाव म्हणावे का?

बालाघाटकर:
आमचे गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. दिवाळी आटोपली की ऊसतोडीसाठी मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, सरपण आणि तान्ही मुले घेऊन साखरपट्ट्यात उतरतात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. २०११ च्या जनगणनेत माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि या संपूर्ण मुदतीत जो घरी नसेल त्याची नोंद तो सापडेल तेथे करावी, असा नियम होता. साहजिकच तांड्यावरील आणि बौद्ध वस्तीतील कर्ती माणसे कागदोपत्री दुसऱ्या जिल्ह्याची झाली आणि आमच्या खात्यावर म्हातारीकोतारी व कुलूपबंद घरे उरली. ग्रामपंचायतीचे सदस्य ७ असावेत की ९, अनुसूचित जातींसाठी जागा किती, हे याच आकड्यांवर ठरते. माणूस मूळ गावीच मोजला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गणनाप्रेमी:
तक्रार रास्त आहे, उपाय मात्र मान्य नाही. मूळ गाव हा निकष लावला तर मुंबईतील निम्मे चाकरमानी कोकणात मोजावे लागतील. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर राज्याचे प्रमाण ९२९ होते; पुरुष पोटासाठी बाहेर गेल्याचे हा एक आकडाच सांगतो आणि आपल्या नियमाने नेमका तोच पुसला जाईल. आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघेही एकदमच जातात, त्यामुळे स्त्री-पुरुष प्रमाणात ही पोकळी फारशी दिसत नाही. ती वयोगटांत दिसली असती. पण गावनिहाय तक्त्यात वयाचा ०–६ हा एकच गट वेगळा दिलेला असतो, एवढे मी कबूल करतो.

पाणवठा:
दोघेही माणसे किती यावरच अडला आहात. ती कोण, हे त्या तक्त्यात कुठे आहे? अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती असे दोनच रकाने. मराठा, वंजारी, धनगर, माळी सगळे उरलेल्या बेरजेत. लमाण तांडा आपल्याकडे विमुक्त जाती या राज्याच्या वेगळ्या वर्गात मोडतो म्हणून त्याचीही वेगळी खूण नाही, आणि तोच समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरले जाते, पण ज्याने स्वाभिमानाने केवळ ‘बौद्ध’ असे लिहिले आणि पूर्वीची जात सांगितली नाही, तो त्या रकान्यात येत नाही. धर्मांतराची ही किंमत राखीव जागेच्या रूपाने वस्तीला मोजावी लागते. सर्व जातींची गणना १९३१ नंतर झालेली नाही. २०२७ च्या जनगणनेत ती होणार आहे, याचे मी स्वागत करतो.

गणनाप्रेमी:
माझा विरोध नाही, भीती मात्र आहे. एकच जात घरोघर चार नावांनी सांगितली जाते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात पाहणीत नेमका हाच गोंधळ झाला आणि जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. नावांची यादी आधी पक्की व्हावी.

बालाघाटकर:
यादी अवश्य करा, पण २०२७ चा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरली जाते तो, १ मार्चच्या मध्यरात्रीचा आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच होणार. प्रगणक आमच्या तांड्यावर जातीचा रकाना उघडून उभा राहील तेव्हा उत्तर देणारी माणसे उसाच्या फडात मोळ्या बांधत असतील. मूळ गावाचा हट्ट मी सोडतो, निदान फडाजवळच्या कोपीतल्या (तात्पुरत्या झोपडीतल्या) माणसाला “गाव कोणते, किती महिने बाहेर असता?” एवढे विचारून गावनिहाय बेरीज तरी वेगळी छापावी.