दूध-दही-पनीर-चीज वापरून अर्ध्या तासात होणारं, सगळ्यांना चालेल असं जेवण सुचवा

तिन्हीसांज
घरात आम्ही पाच जण. सासूबाईंना कवळी आहे, त्यामुळे कडक काही चालत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. आम्ही दोघं नोकरीवरून सातच्या सुमारास घरी पोचतो आणि साडेसातला मुलांना भुकेनं काही सुचत नाही. म्हणजे हाताशी अर्धाच तास. दूध, दही, पनीर, चीज, लोणी फ्रीजमध्ये कायम असतं, म्हणून त्यातूनच काही बसवावं असा विचार आहे.

मागच्या आठवड्यात दह्याच्या रश्श्यात बटाटे केले. दही घातलं आणि पाचव्या मिनिटाला रस्सा फुटला. वर पिवळसर पाणी, खाली बारीक कण. मुलीनं ताट हातानंच पुढे सरकवलं आणि शेवटी तिला नुसता ब्रेड दिला. तिला उपाशीपोटी झोपवल्यासारखं वाटत राहिलं. त्याआधी पास्त्याचा पांढरा सॉस केला होता, त्यात चीज घातलं तर तारा सुटल्या आणि कडेनं तेल आलं.

तीन गोष्टी हव्यात. एकच जेवण सगळ्यांना चालावं, तीन वेगळी ताटं करणं आता होत नाही. रोज चीज नको. आणि माझं नेमकं काय चुकतंय ते कळलं तर फार बरं होईल, नुसती पाककृती मिळून उपयोग होत नाहीये.

मंदआच
दह्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण एकदा हे हातात बसलं की दहा भाज्या सुटतात.

दही म्हणजे आधीच आंबट होऊन घट्ट झालेलं दूध. त्यातल्या केसीन नावाच्या प्रथिनाची सैलसर जाळी झालेली असते आणि पाणी त्या जाळीत अडकलेलं असतं. जोराची आच लागली की जाळी आवळते आणि पाणी पिळून बाहेर पडतं. तुम्हाला दिसलेलं पिवळसर पाणी तेच. दही जितकं जास्त आंबट आणि जितकं कमी सायीचं, तितकं लवकर फुटतं. त्यामुळे शिजवायला ताजं, सायीच्या दुधाचं दही घ्या. चार दिवसांचं आंबट दही धिरड्यांना ठेवा, त्याबद्दल खाली लिहिते.

आता कृती. घरी आल्या आल्या दही फ्रीजमधून बाहेर काढा, हातपाय धुऊन होईपर्यंत त्याचा गारठा जातो. एक वाटी दह्याला एक लहान चमचा बेसन किंवा कॉर्नफ्लोअर घालून चांगलं घुसळा, एकही गुठळी दिसता कामा नये. पिठातला स्टार्च गरम झाल्यावर फुगतो आणि प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. सगळी राखण त्या एका चमच्यात आहे.

कढईत फोडणी, कांदा, मसाला, उकडलेले बटाटे परतून झाले की गॅस पूर्ण बारीक करा. कढईतला चरचर आवाज थांबू दे. मग त्यातला डावभर गरम रस्सा दह्याच्या वाडग्यात घालून ढवळा, म्हणजे दह्याला एकदम चटका बसत नाही. आता हे दही कढईत ओता आणि पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. आधी पातळ दिसेल, मग डावाच्या पाठीवर पातळसा थर चढायला लागेल आणि कच्च्या पिठाचा वास जाईल. कडेला लहान बुडबुडे आले की झालं. त्यापुढे दोन-तीन मिनिटं मंद आचेवर, तीही न झाकता. मीठ मी शेवटी घालते.

बटाटे सकाळीच उकडून ठेवले तर हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. बटाट्याच्या जागी मटार, फ्लॉवर, दुधी, उकडलेली अंडी, पनीर, काहीही चालतं. सासूबाईंसाठी दुधी उत्तम, तोंडात विरघळतो.

आणि कधी फुटलंच तर टाकून देऊ नका. गॅस बंद करा, दोन चमचे गार दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून घाला, मंद आचेवर ढवळत एक उकळी द्या. पूर्वीसारखा गुळगुळीत होणार नाही, पण ताटात वाढण्याजोगा नक्की होतो.

नऊवाजता
मंदआच यांना अनुमोदन. बेसनाच्या चमच्यानं आमच्याकडेही रस्सा सुधारला.

ओलावा
पांढऱ्या सॉसचं मी सांगतो. प्रमाण पाठ करून ठेवा: 2 मोठे चमचे लोणी, 2 मोठे चमचे मैदा, 2 कप दूध. पाच जणांच्या पास्त्याला किंवा भाज्यांना पुरतं.

लोणी वितळलं की मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास गेला पाहिजे. मग दूध एकदम न ओतता पहिल्यांदा पाव कप घाला. मिश्रण गोळ्यासारखं आवळून येईल, घाबरू नका, घोटत राहा. गुळगुळीत झालं की पुन्हा पाव कप. असं तीनदा केलं की उरलेलं दूध धारेनं घातलं तरी गुठळी होत नाही. पाच-सात मिनिटं मंद खदखदू द्या.

चीजचं चुकतं ते इथे. तुम्ही सॉस उकळत असताना चीज घातलं असणार. फार तापलं की चीजमधली प्रथिनं आखडतात, स्निग्धांश बाहेर पडतो, म्हणून तारा आणि तेल. गॅस बंद करा, मनात तीसपर्यंत मोजा आणि मगच किसलेलं चीज मूठ-मूठ करून घाला. सॉसच्या उष्णतेवर ते विरघळतं. त्यानंतर पुन्हा उकळायचं नाही. घरी किसलेलं चीज जास्त छान विरघळतं, कारण आयतं किसलेलं चीज एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्चसारखी पूड लावलेली असते. क्यूब किंवा स्लाइसमधलं प्रोसेस्ड चीज सहसा फुटत नाही, त्यात ते एकजीव ठेवणारे क्षार असतात. मात्र त्यात मीठ बरंच असतं, सॉसला वेगळं मीठ घालण्याआधी चव घ्या.

हाच सॉस चीज न घालता करा आणि शिजवलेला मका, गाजर, पालक, मिरपूड घालून भातावर वाढा. माझी धाकटी एरवी पालकाला हात लावत नाही, यातला मात्र वाटी पुसून खाते.

टोमॅटोचं सूप दूध घातल्यावर फाटतं अशी ज्यांची तक्रार असते त्यांनीही आधी हा सॉस पातळसर करून घ्यावा आणि त्यात टोमॅटोचा शिजवलेला रस थोडा थोडा मिसळावा. नुसतं दूध आंबटात पडलं की फाटतंच.

पहाटवारा
तिन्हीसांज, तुमच्या सासूबाईंच्या कवळीचं वाचून आमच्या घरची गोष्ट आठवली. माझ्या आईला पनीर आवडतं, पण तुकडे चावता येत नव्हते. ती ते गालात धरून बसायची आणि आमची नजर चुकवून वाटीत काढून ठेवायची. ते दिसलं त्या दिवसापासून मी पनीर चुरून करते. कांदा-टोमॅटो मऊ शिजवायचा, हळद-तिखट, त्यात हातानं चुरलेलं पनीर आणि पाव कप दूध, जेमतेम तीन मिनिटं परतायचं. दुधामुळे भुर्जी कोरडी होत नाही. पनीर जास्त वेळ आचेवर राहिलं की पाणी सोडतं आणि चिवट होतं, म्हणून ते अगदी शेवटी. मुलांना हेच पोळीत गुंडाळून द्या, आईंना मऊ भातात कालवून. एक कढई, एकच जेवण.

तुकडेच करायचे असतील तर चिरून दहा मिनिटं मीठ घातलेल्या गरम पाण्यात ठेवा, मऊ पडतात.

रविवारी जमलं तर पनीर घरी करा. 1 लिटर सायीचं दूध उकळलं की गॅस बंद करून दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून हळूहळू घालायचा. पाणी हिरवट आणि नितळ दिसलं की थांबायचं. कापडात गाळून वरून गार पाणी ओता म्हणजे आंबटपणा जातो. अर्धा तास वजनाखाली ठेवलं की साधारण 180 ते 200 ग्रॅम मिळतं. बुधवारपर्यंत संपवा. गाळलेलं पाणी फेकू नका, कणीक त्यात भिजवा. पोळ्या मऊ होतात, सासूबाईंनाही सोप्या जातील.

दोनघास
सगळे सल्ले चांगले आहेत, पण थोडं वेगळं मत मांडते. घरात लहान मुलं आहेत म्हणून सांगावंसं वाटतं. दुधात कॅल्शियम भरपूर, प्रथिनंही चांगली, पण लोह जवळजवळ नसतं. वर एकाच जेवणातल्या कॅल्शियममुळे दुसऱ्या पदार्थातलं लोह अंगी लागायला थोडी अडचण होते. म्हणून रोज रात्री दूध-पनीर-चीज हाच जेवणाचा कणा करू नका. आठवड्यातले तीन दिवस पुरेत. उरलेल्या दिवशी डाळी-कडधान्यं, पालेभाजी, खात असाल तर अंडी-मांस, आणि सोबत लिंबू किंवा टोमॅटो. आंबटातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं.

ओलावा
मान्य. मीही रोजचं म्हणत नव्हतो, पण लिहायला हवं होतं.

साधंवरण
धाग्याला जोडूनच विचारतो. माझ्या वडिलांना दूध प्यायलं की पोट फुगतं. त्यांना यातलं काय चालेल?

मंदआच
दुधातली साखर, लॅक्टोज, पचत नसेल तर असं होतं. वय वाढल्यावर बऱ्याच जणांना होतं. दह्यात विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच वापरतात, म्हणून दही अनेकांना सोसतं. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज नगण्य उरतं, तुपात तर नसल्यासारखंच. पनीरमध्ये थोडं असतं, बरंचसं पाण्यातून निघून जातं. आधी चमच्या-चमच्यानं देऊन बघा. पांढरा सॉस मात्र त्यांना नको, तो सगळा दुधाचाच. त्रास अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असा असेल तर ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेव्हा दही, पनीर, चीज काहीच द्यायचं नाही, थेट डॉक्टर.

आणि आंबट दह्याच्या धिरड्यांचं राहिलं होतं. एक कप कणीक, एक कप आंबट दही, लागेल तसं पाणी, किसलेलं गाजर, मीठ. तवा तापल्यावरच पाव चमचा खाण्याचा सोडा घाला आणि लगेच घालायला लागा. दह्याच्या आंबटपणानं सोड्याचा वायू तयार होतो, त्यानं धिरडी फुगून मऊ होतात. पीठ सोडा घालून ठेवलं तर तो सगळा वायू उडून जातो.

पहाटवारा
अंडी चालत असतील तर अजून एक. सहा अंडी, अर्धा कप दूध, उकडलेल्या बटाट्याचे काप, मूठभर चीज, सगळं फेटून जाड बुडाच्या तव्यात ओता. झाकण, मंद आच, दहा-बारा मिनिटं. मधोमध सुरी घालून बघा, ओलं लागलं नाही की झालं. उलटायची भानगड नाही. केकसारखे तुकडे कापून वाढा.

तिन्हीसांज
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी येतेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सोमवारी दह्यातला दुधी केला. बेसनाचा चमचा घातला, डावभर रस्सा आधी वाडग्यात घेतला, आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली. कडेला बुडबुडे आले तेव्हा छातीत धडधडत होतं, पण फुटला नाही. डाव उचलला तर खरंच पाठीवर थर होता. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून मागितला, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मुलीनं रस्सा तेवढा भातावर घेतला, दुधीचे तुकडे दादाच्या ताटात गेले. ते मी चालवून घेतलं.

बुधवारी पांढरा सॉस. तीसपर्यंत मुलाला मोजायला लावलं, चीजही त्यानंच घातलं. स्वतःच्या हातानं घातलंय म्हणून त्यात पालक होता तरी खाल्ला. मधल्या दिवशी दोनघास यांचं ऐकून मुगाची उसळ आणि लिंबू.

एकच विचारायचंय. सॉस वाटीभर उरलाय आणि पनीरही थोडं आहे. फ्रीझरमध्ये टाकलं तर चालेल का?

ओलावा
सॉस फ्रीझरमध्ये नको, वितळल्यावर पाणी वेगळं होतं. तो दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला असेल तर उद्या थोडं दूध घालून मंद आचेवर गरम करा. ब्रेडवर पसरून तव्यावर झाकून भाजलात तर नाश्ता होईल.

पहाटवारा
पनीर खुशाल ठेवा. वितळल्यावर भुसभुशीत होतं, तुकड्यांना चांगलं नाही, पण तुम्हाला चुरायचंच आहे. आधीच चुरून, एका वेळेपुरतं बांधून ठेवा, म्हणजे सात वाजता थेट कढईत टाकता येईल.

तिन्हीसांज
चुरून ठेवलं. शुक्रवारी भुर्जी.