पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सनंतर मुली गळतात कुठे?

अर्धविराम:
पदवीच्या पहिल्या सत्रात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सगळ्यांना सक्तीची आहे, तिथे मुली भरपूर असतात. पुढच्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रॅममध्ये माहिती रचून ठेवायच्या पद्धती) ऐच्छिक झालं की जेमतेम चार-पाच उरतात. विभागाचं ठरलेलं उत्तर: मुलींना आवडच नसते. हे मानायचं का? आणि जादा खर्च न करता आधी काय बदलावं?

शून्यापासून:
आवडीचा मुद्दा टिकत नाही. एनिॲक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर पहिल्यांदा प्रोग्रॅम बसवले ते सहा बायकांनी. अमेरिकेत १९८४च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या सुमारे ३७ टक्के पदव्या मुली घेत. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. उपजत आवड एका पिढीत अशी आटते होय? मध्यंतरी घरगुती कॉम्प्युटर आले, ते मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले, आणि वर्गात ‘एवढं तर येतच असेल’ असं धरून शिकवणं सुरू झालं.

म्हणून तुकड्या पाडा, पण पूर्वानुभवावरून. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजने त्यांना ‘गोल्ड’ आणि ‘ब्लॅक’ अशी नावं दिली. ‘प्राथमिक’ आणि ‘प्रगत’ म्हटलंत की पहिली तुकडी ढ ठरलीच. पहिल्या आठवड्यात फॉर्म भरून घ्या, मात्र त्यात ‘प्रोग्रॅमिंग कितपत येतं?’ असं विचारू नका. त्यातून आत्मविश्वास मोजला जातो, अनुभव नाही. विचारा: लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) स्वतः लिहिलाय का? फंक्शन (नाव देऊन हवा तेव्हा वापरता येणारा कोडचा तुकडा)? सर्वांत मोठा प्रोग्रॅम किती ओळींचा? अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही तुकड्यांना एकच ठेवा, नाहीतर पुढच्या कोर्सला पुन्हा तीच दरी.

गाळणी:
तुकड्या ठीक, पण आधी मोजा. पहिल्या कोर्सची ग्रेड आणि पुढची नोंदणी शेजारी ठेवा, मुलं-मुली वेगळे करून. ‘बी’ ग्रेडची मुलं पुढे जातात आणि ‘बी’ ग्रेडच्याच मुली थांबतात असं दिसलं, तर अडचण शिकण्यात नाही. त्या गुणांचा अर्थ कोण कसा लावतं, त्यात आहे. एका वर्षाच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. दहा मुलींत दोघी इकडच्या तिकडे झाल्या की २० टक्क्यांचा फरक दिसतो. निदान तीन वर्षांची बेरीज घ्या.

इलाज स्वस्त आहे. पहिल्या चाचणीनंतर मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा, फळ्यावर लिहा. ५० पैकी २९ मिळालेलीला आपण नापास व्हायच्या बेतात आहोत असं वाटत असतं. मध्यक २६ आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मध्यकाच्या वर असलेल्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, दोन ओळींचा मेल पाठवा: तुमचे गुण अमुक, पुढचा कोर्स तुम्हाला झेपेल. नोंदणी बंद व्हायच्या आत पाठवा, नंतर उपयोग नाही.

लॅबवाली:
लॅबकडेही बघा. जोडीत एकजण तासभर टाइप करतो आणि दुसरीकडे जर्नल लिहायचं काम येतं, हे नेहमीचंच. दर १५ मिनिटांनी कीबोर्ड बदला, घड्याळ लावून. तोंडी सूचना तिसऱ्या आठवड्यात विरते. जोड्या सारख्या अनुभवाच्या लावा. आणि ‘प्रत्येक गटात एक मुलगी’ ही वाटणी बंद करा. गटात दोघी तरी हव्यात, मग काही गटांत एकही नसली तरी चालेल.

अर्धविराम:
अनुभवी मुलं वर्गात प्रश्नांचा भडिमार करतात, बाकीचे गप्प होतात. तुकड्या पाडेपर्यंत काय करू?

शून्यापासून:
अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की ‘तासानंतर भेट’ म्हणा, आणि खरंच भेटा. त्याचं कुतूहल मारायचं नाहीये.